कल्हई नव्हे, साय

सरकारी नोकराच्या संसारातील ज्या वस्तू प्रत्येक बदलीबरोबर न चुकता गावोगाव हिंडतात, त्यांत दारावरची नावाची पाटी ही सर्वांत हलकी आणि सर्वांत मानाची. आमची पाटी वीतभर लांबीची, फिकट सोनेरी रंगाची आणि काळ्या अक्षरांची आहे. ती प्रथम भोपाळला एका सरकारी बंगलीच्या दारावर लागली, तेथून विशाखापट्टणमला गेली, कोलकात्याच्या दमट हवेत तिने काही वर्षे काढली आणि आता ती दिल्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दाराची शोभा वाढवीत आहे.

विशाखापट्टणमला आमच्या शेजारी एक ज्येष्ठ सहकारी राहत. त्यांची पाटी पितळेची, केवळ आडनावाची आणि म्हणूनच वडिलांपासून चालत आलेली. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने ती आठवड्याभरात हिरवट होई आणि दर रविवारी सकाळी हे गृहस्थ चिंचेचा कोळ घेऊन तिच्यापुढे उभे राहत. आमच्या पाटीवरून मात्र ओला फडका फिरविला की काम भागे. एकदा त्यांनी विचारले, "अहो, तुमच्या पाटीला ही कसली कल्हई केली आहे?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, कल्हई नसेल, काहीतरी पिवळा रंग दिलेला असावा. हे उत्तर साफ चुकीचे होते. पुढे या विषयाचे थोडे वाचन घडले तेव्हा ती चूक ध्यानात आली; परंतु तोवर ते गृहस्थ निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. त्यांना त्या रविवारी जे सांगावयास हवे होते, तेच येथे सांगण्याचा विचार आहे.

दारात भट्टी मांडून, भाता लावून बसलेला कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कल्हई म्हणजे काय हे सांगावयास नको. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची चिमूट टाकावयाची, कथलाची कांडी टेकवावयाची आणि वितळलेले कथील बोळ्याने सर्वत्र फिरवावयाचे, की पातेले चांदीसारखे होते. परंतु कथील हे त्या घरी आलेले पाहुणे. काही महिन्यांनी ते उडते, पितळ उघडे पडते आणि पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहणे आले. रंग, रोगण, मुलामा ही सारी याच जातीची. एका पदार्थावर दुसरा पदार्थ बसविलेला. आमच्या पाटीवर असे काही बसविलेले नाही. तिच्यावर जे आहे ते तिच्यातूनच आलेले आहे. दुधावर साय येते तसे. या क्रियेला इंग्रजीत अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. आपल्या परिभाषाकारांनी तिला धनाग्रीकरण असे भारदस्त नाव दिले आहे. ते वाईट नाही. पण या लेखापुरते आम्ही साय हाच शब्द वापरणार आहोत.

अ‍ॅल्युमिनियम ही खरे पाहता मुलखाची गंजणारी धातू आहे. प्राणवायूशी तिचे सख्य एवढे जबर, की निसर्गात ती कधीच सुटी सापडत नाही. मनुष्याच्या हाती ती आली तीच मुळी १८२५ नंतर, आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिच्या कांड्या मांडल्या गेल्या तेव्हा त्या नवलाच्या आणि भारी मोलाच्या वस्तू होत्या. १८८६ मध्ये अमेरिकेतील हॉल आणि फ्रान्समधील एरू या दोघा तरुणांनी एकमेकांचे नावही ठाऊक नसता विजेच्या साहाय्याने ती स्वस्तात मिळविण्याची एकच युक्ती शोधून काढली. दोघेही १८६३ चे जन्मलेले, दोघेही १९१४ मध्येच निवर्तले! असो. सांगावयाचे ते एवढेच की, ही धातू कापली वा घासली की तिच्या नव्या पृष्ठभागावर तत्क्षणी प्राणवायूचा पापुद्रा धरतो. लोखंडही असेच गंजते. पण लोखंडाचा गंज पोकळ आणि भुसभुशीत असतो, तो गळून पडतो व खालचे लोखंड नव्या गंजाला मोकळे करून देतो. अ‍ॅल्युमिनियमचा गंज घट्ट बसतो आणि आपल्या मागे दार लावून घेतो. तो पापुद्रा अवघा दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या दोन-चार पट जाडीचा. पण त्या पापुद्र्याच्या जोरावरच ही धातू जगात वावरते. रसायनदृष्ट्या हे द्रव्य तेच, ज्याच्या स्फटिकांना आपण माणिक आणि नीलम म्हणतो. फरक रचनेचा आणि अर्थात भावाचा.

हा पापुद्रा विजेने जाड करता येतो, हे प्रथम जर्मनीतील गीसेनच्या हाइनरिख बुफ यांच्या ध्यानात आले, ते १८५७ मध्ये. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा पाण्याच्या द्रावणात बुडवून त्याला बॅटरीच्या धन टोकाशी जोडले, की त्याच्यावर निसर्गतः असणाऱ्या पापुद्र्याहून जाड पापुद्रा धरतो. यातली मौज अशी आहे की, विजेचा दाब जेवढा द्यावा तेवढीच जाडी मिळते. एका व्होल्टामागे साधारण सव्वा नॅनोमीटर. दाबाने धातूचे विद्युत्भारित कण पापुद्र्यातून बाहेर आणि प्राणवायूचे आत ओढले जातात व त्यांची गाठ पडेल तेथे नवा थर तयार होतो. थर जाड झाला की ओढ कमी पडते आणि वाढ थांबते. पुढे वाढवावयाचा तर दाब वाढवा. असा प्रामाणिक व्यवहार निसर्गात विरळाच.

तथापि त्या काळच्या संशोधकांना ही साय म्हणजे अडचण वाटली. साय धरली की वीज पुढे जाईना! परंतु एकाची अडचण ती दुसऱ्याची सोय. फ्रान्समधील द्युक्रते यांनी १८७५ मध्ये दाखविले की, अ‍ॅल्युमिनियमचे पान घातलेले असे पात्र वीज एका दिशेने जाऊ देते व उलट दिशेने अडविते. म्हणजे ती विजेची झडपच झाली. पुढे कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने पाहिले की, टाकणखाराच्या द्रावणात ही साय वीज बंद केल्यावरही शाबूत राहते. साय पातळ, पण विजेला भक्कम अडविणारी. तेव्हा तिच्या दोन बाजूंस वीज साठवून ठेवता येईल, हे त्याने ओळखले आणि १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढील काळात घरोघरी आलेल्या रेडिओच्या पेटीत जो नळकांड्यासारखा कंडेन्सर असे, तो याच सायीचा. म्हणजे ज्या गुणासाठी आज आपण या विद्येला ओळखतो तो गंजरोधाचा गुण कामास येण्यापूर्वी तिने विजेच्या कारखान्यात पाव शतक नोकरी केली होती. तेव्हा गंज थोपविण्यासाठी तिच्याकडे का पाहिले गेले नाही, असे कोणी विचारील. याचे उत्तर सोपे आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमला तिची तशी फारशी गरजच नव्हती. गरज उत्पन्न केली ती विमानांनी.

१९०६ मध्ये बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग येथे आल्फ्रेड विल्म हे धातुशास्त्रज्ञ अ‍ॅल्युमिनियम कठीण करण्याच्या खटपटीत होते. सुमारे चार टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम घातलेली एक मिश्रधातू त्यांनी तापवून पाण्यात बुडविली. कठीणपणा मोजला तो बेताचाच. शनिवार होता, काम तसेच राहिले. सोमवारी पुन्हा मोजून पाहतात तो धातू आपण होऊन पुष्कळ कठीण झालेली! सुटीत कोणी हात न लावता काम पुढे सरकल्याचे हे उदाहरण आमच्या कचेरीबांधवांना विशेष रुचेल. हीच ड्युरालुमिन. वजनाला हलकी आणि बळकटीला साध्या पोलादाच्या जवळ जाणारी. जर्मनीच्या झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे हिचे झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर विमानांचीही अंगे लाकूड व कापड सोडून हिची होऊ लागली.

परंतु जे तांबे हिला बळ देते तेच हिचा घातही करते. समुद्राच्या पाण्याचा शिंतोडा पडला, की तांब्याचा अंश आणि भोवतालची अ‍ॅल्युमिनियम यांच्यात सूक्ष्म विद्युत्घट तयार होतात आणि धातू कणांच्या सांध्यासांध्यांतून पोखरली जाते. वाळवी लागलेला वासा बाहेरून रंगविलेला धडधाकट दिसावा आणि हात लावताच आत बोट जावे, तसा हा रोग. त्यातून पाण्यावर उतरणारी विमाने त्या वेळी आरमारांच्या फार उपयोगाची. ती समुद्रातच तरंगत राहावयाची, म्हणजे ज्या पाण्याने धातू पोखरते त्याच पाण्यात त्यांचा मुक्काम. तपासणाऱ्यास वरून काही दिसू नये आणि हवेत गेलेल्या वैमानिकाच्या पंखाचा वासा आतून भुसा झालेला असावा, ही कल्पनाही अंगावर काटा आणणारी आहे.

या कामी ब्रिटनमधील गाय डन्स्टन बेंगॉफ यांची गाठ पडली, हे त्या वैमानिकांचे भाग्य म्हटले पाहिजे. हा मनुष्य समुद्राच्या पाण्याचा जुना वैरी. जहाजांवर वाफ थंड करण्यासाठी ज्या पितळी नळ्या असतात त्या समुद्राच्या पाण्याने का खातात, याच्या अभ्यासात त्यांची बरीच वर्षे गेली होती. त्यांनी आणि त्यांचे सहकारी स्टुअर्ट यांनी १९२३ मध्ये जी कृती पेटंट करून घेतली ती ऐकावयास साधी आहे. सुमारे तीन टक्के क्रोमिक आम्लाचे द्रावण चाळीस अंश सेल्सियसपर्यंत ऊन करावयाचे, त्यात ड्युरालुमिनचा भाग धन टोकास जोडून लोंबकळत ठेवावयाचा आणि विजेचा दाब हळूहळू चाळीस व्होल्टांपर्यंत व शेवटी पन्नासपर्यंत चढवावयाचा. तासाभरात काम आटोपते. भाग बाहेर काढावा तो राखी रंगाचा, दिसावयास अगदी सामान्य. साय जेमतेम दोन ते पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांशाच्या दोन-पाच पट जाडीची. तीवर रंग मात्र असा घट्ट धरतो, की उघड्या धातूवर तसा कधीच धरत नाही.

आम्ल क्रोमिकच का? यात बेंगॉफ यांच्या पूर्वीच्या तपश्चर्येचे फळ दिसते. विमानात खिळे-रिव्हेट फार, सांधे फार. कितीही धुतले तरी सांध्यांच्या फटीत आम्लाचा थेंब राहावयाचाच आणि दुसरे कोणतेही आम्ल तेथे राहिले तर तेच पुढे धातू खाईल. क्रोमिक आम्ल राहिले तर ते धातूला खात नाही, उलट राखते. आणखी एक गुण तर अनपेक्षित होता. धातूला नजरेस न येणारी चीर असेल, तर आम्ल तिच्यात शिरून राहते आणि भाग वाळल्यावर हळूच बाहेर झिरपून पिवळसर तपकिरी रेघ उमटविते. औषध देता देता निदानही व्हावे, असा वैद्य मिळणे दुर्मिळ. विमानांच्या कारखान्यांत चिरा शोधण्यासाठी म्हणूनही ही कृती वापरली गेली.

या यशाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही. हवेतल्या मनुष्याचा जीव वाचविणाऱ्या या हौदाच्या काठावरही माणसे उभी होती. वीज चालू असता द्रावणातून बुडबुडे उठतात आणि त्यांच्याबरोबर आम्लाचे तुषार हवेत जातात. क्रोमच्या कारखान्यांतील कामगारांच्या नाकातील पडद्याला भोक पडते, हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. पुढे हे क्रोमचे रूप कर्करोगास कारण होते, हेही निर्विवाद सिद्ध झाले. तुषार ओढून घेणारे पंखे आणि हौद झाकण्याच्या युक्त्या आल्या. पण त्या आम्लाला पर्याय शोधण्याचे काम नेटाने सुरू झाले ते फार उशिरा. बोइंग कंपनीने गंधकाम्ल आणि बोरिक आम्ल यांच्या मिश्रणाची कृती १९९० मध्ये पेटंट केली. युरोपात टार्टारिक आम्लाची जोड देणारी कृती पुढे आली. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतले. धातूवरच्या सायीची मायक्रॉनमध्ये मापे घेणाऱ्या शास्त्राने माणसाच्या नाकातील सायीएवढ्या नाजूक पडद्याची काळजी घ्यावयास एवढी वर्षे लावावीत, याचे समर्थन कोणत्याही युद्धाच्या घाईने होईल असे आम्हांस वाटत नाही.

ज्या वर्षी इंग्लंडात समुद्रविमानांसाठी ही खटपट चालली होती, त्याच १९२३ मध्ये जपानात तीच विद्या निराळ्या वाटेने अवतरली. तोकियोमधील रिकेन या संशोधन-संस्थेत कुजिराई आणि उएकी यांनी ऑक्झॅलिक आम्लात अ‍ॅल्युमिनियमवर साय धरविली. कुजिराई विद्युत् अभियंते. विजेला अडविणारा थर हा त्यांच्या आस्थेचा विषय. परंतु ऑक्झॅलिक आम्लातील साय चांगली जाड, कठीण आणि दिसावयास सुरेख सोनेरी निघाली. तिला अ‍ॅलुमाइट हे नाव मिळाले. त्याच संस्थेतील सेतो आणि मियाता यांनी दाबाखालच्या वाफेने या सायीची सूक्ष्म छिद्रे बुजविण्याची रीत काढली आणि मग ही साय विजेच्या कारखान्यातून निघून थेट स्वयंपाकघरात शिरली. किटल्या, पातेली आणि विशेषतः शाळकरी मुलांचे जेवणाचे डबे! जपानी डब्यात पांढऱ्या भातावर मध्यभागी उमेबोशी नावाचे खारवलेले, अतिशय आंबट असे फळ ठेवण्याची चाल आहे. उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याच्या झाकणाला या फळाच्या आंबटपणाने भोके पडत. अ‍ॅलुमाइटच्या डब्याला ती पडत नाहीत. एका देशाने ही विद्या विमानासाठी वापरली, दुसऱ्याने पोराच्या डब्यासाठी. अर्थात जपाननेही पुढे विमाने केलीच आणि त्यांचे काय झाले हे इतिहासास ठाऊक आहे. पण आमचे मन डब्याकडेच अधिक ओढले जाते.

कारण डब्यातल्या आंबटाची ही कथा वाचताना आम्हांस आपल्याकडील एका सरकारी अधिकाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आल्फ्रेड चॅटर्टन हे मद्रासमध्ये अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि तेथील सरकारी कलाशाळेची देखरेखही त्यांच्याकडे आली होती. त्यांनी १८९८ मध्ये त्या शाळेत परदेशातून आणलेल्या पत्र्यापासून अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला. तांब्यापितळेच्या कारागिरांच्या हाताला नवी धातू द्यावी, हा उद्देश. प्रयोग एवढा फळला, की १९०० च्या सुमारास मद्रासला या धंद्यासाठी कंपनी निघाली आणि १९०३ मध्ये सरकारने आपला विभाग तिच्या स्वाधीन केला. सरकारी नोकराने धंदा उभा करावा आणि तो चालावाही, ही गोष्ट वरिष्ठांस सहजी मानवत नाही. १९१० मध्ये भारतमंत्री मोर्ले यांनी असल्या सरकारी उद्योगांवर प्रतिकूल शेरा मारला. चॅटर्टन पुढे १९१२ मध्ये म्हैसूर संस्थानात उद्योगखात्याचे संचालक म्हणून गेले. बदलीच्या वाटेने गेलेल्या या माणसामागे भारतात एक नवे भांडे मात्र राहिले.

ते भांडे उघडे होते. याचा दोष चॅटर्टनना देता येणार नाही; १८९८ मध्ये भांड्यावर साय धरविण्याची विद्या जगात कोणापाशीच नव्हती. पण ज्या प्रांतात ते निघाले तेथला स्वयंपाक चिंचेवाचून होत नाही आणि ज्या कोकणात आमचे बालपण गेले तेथला कोकमावाचून. आंबट आणि मीठ एकत्र आले की निसर्गाचा तो दोन-चार नॅनोमीटरचा पापुद्रा टिकाव धरीत नाही. आमची आई त्या पातेल्यात ताक किंवा सोलकढी कधी राहू देत नसे. रसायनशास्त्र तिला ठाऊक नव्हते. पण पदार्थाला येणारा उग्र वास आणि बुडाशी पडणारी सुईच्या अग्राएवढी छिद्रे ती जाणून होती. या भांड्यांना आमच्याकडे जर्मनची भांडी म्हणत. जर्मन सिल्व्हर नावाच्या दुसऱ्याच एका पांढऱ्या मिश्रधातूचे नाव त्यांना चिकटले असावे.

आणि या नावाला एक तुच्छतेचा सूरही होता. पाहुण्यास पितळेचा पेला, देवाला तांब्याचा गडवा, आणि गड्यामाणसाला जर्मनचा पेला. तो निराळ्या कोनाड्यात पालथा घातलेला असे आणि त्याला घरातील दुसऱ्या भांड्यांची शिवाशिव होऊ दिली जात नसे. आमच्या घरातही असा एक पेला होता. हे लिहिताना आज शरमेने मान खाली जाते. पण या धातूचा आपल्याकडील इतिहास लिहावयाचा आणि तो पेला वगळावयाचा, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या पेल्याला पोचे पडलेले होते, आतून तो काळवंडलेला होता आणि ताक बहुधा त्याच पेल्यात ओतले जाई. ज्या भांड्यात ताक ठेवू नये हे आईला ठाऊक होते, त्यातच ते दुसऱ्याला प्यावयास दिले जात होते, ही विसंगती तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

स्वस्त सायीची सोय जगात १९२७ मध्येच झाली होती. गॉवर आणि ओब्रायन यांच्या नावे इंग्लंडात त्या वर्षी गंधकाम्लाच्या कृतीचे पेटंट झाले. गंधकाम्ल स्वस्त, वीज पंधरा व्होल्टांच्या आसपास पुरते, द्रावण ऊन करावयास नको, उलट वीस अंशांजवळ थंड ठेवावयाचे, आणि अर्ध्या-पाऊण तासात दहा-पंधरा मायक्रॉनची स्वच्छ, पारदर्शक साय मिळते. आज जगात जी अ‍ॅल्युमिनियम सायीखाली जाते, तिच्यातली बहुतेक याच हौदातून. मग आपल्या स्वयंपाकघरात ती लवकर का आली नाही? भांड्याची किंमत वाढते हे एक कारण उघडच आहे. दुसरे कारण आम्हांस आमच्या परसातल्या मोरीत सापडले. आपल्याकडे भांडी राखेने घासत. राख ही क्षारयुक्त, आणि ही साय आम्लाला तोंड देणारी असली तरी तीव्र क्षारात विरघळते. त्यात वर नारळाच्या शेंडीचा आणि वाळूचा मारा! दहा मायक्रॉनची साय अशा उपचारापुढे कितीसे दिवस टिकणार? पुढे थंड गेलेल्या गंधकाम्लात धरविलेली, पन्नास मायक्रॉनच्या घरातली काळपट कठीण साय निघाली. तिचे तवे आणि कुकर विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे रुळले. तोवर राखेची जागाही साबणाने घेतली होती.

त्याच्या आधी मात्र या विद्येने आमच्या घरात एका निराळ्याच दाराने प्रवेश केला होता. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात कोणी तरी सहा पेल्यांचा संच आहेर म्हणून दिला. लाल, निळा, हिरवा, जांभळा, सोनेरी आणि गुलाबी. हातात घेतले तर पिसासारखे हलके, आणि झळाळी अशी की आईने ते काचेच्या कपाटात ठेवले. ते जर्मनचेच होते, हे कोणी म्हटले नाही आणि बहुधा कोणाला सुचलेही नाही. कोनाड्यातला पेला आणि कपाटातले पेले यांच्यात अंतर होते ते दहा मायक्रॉनचे.

तो रंग तेथे धरला कसा, हा या विद्येतील सर्वांत रम्य भाग आहे. टाकणखारात धरलेली साय घट्ट आणि सलग असते व विजेला अडवून थांबते. गंधकाम्लासारख्या तीव्र आम्लात मात्र साय धरत असतानाच आम्ल तिला जागोजाग विरघळवीत असते. या झटापटीतून सायीत उभी विवरे पडतात. त्यांच्या तळाशी पातळ पडदा राहतो आणि वाढ तेथेच, धातूच्या अंगास, चालू राहते. दुधाची साय वर धरते, ही खालून वाढते. सर्वांत जुना थर वर, सर्वांत ताजा तळाशी. १९५३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेतील केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना पाहिली. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी खोल्या आणि प्रत्येक खोलीच्या मध्यभागी एक विवर. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत अशी अब्जावधी विवरे मावतात. रंगाच्या द्रावणात भाग बुडविला की रंग या विवरांत शिरून बसतो. मग तो भाग उकळत्या पाण्यात ठेवावयाचा. पाणी पिऊन साय फुगते, विवरांची तोंडे मिटतात आणि रंग आत कायमचा कोंडला जातो. आमच्या पाटीची सोनेरी कांती आणि काळी अक्षरे ही अशीच आत कोंडलेली आहेत.

दिल्लीच्या उन्हात मात्र असले वनस्पतिजन्य वा कारखान्यातले रंगही काही वर्षांत फिके पडतात. म्हणून इमारतींच्या खिडक्यांसाठी जपानच्या असादा यांनी १९६० च्या दशकात विवरांच्या तळाशी विजेनेच निकेलसारख्या धातूंचे कण बसविण्याची रीत प्रचारात आणली. सरकारी इमारतींच्या काशासारख्या तपकिरी खिडक्या, ज्यांच्याकडे पाहत आपण दुपारच्या बैठका काढतो, त्या रंगविलेल्या नसतात. त्यांच्या विवरांत धातूचा कण उन्हाला अडवून बसलेला असतो. १९९५ मध्ये तोकियोच्या मासुदा आणि फुकुदा यांनी तर ही विवरे ओळीने, लष्करी शिस्तीत उभी करून दाखविली, आणि तेव्हापासून या पोळ्याचा साचा म्हणून उपयोग करून अतिसूक्ष्म तारा ओतण्याचा उद्योग जगभर चालू आहे.

इतर धातूंच्या सायी आम्ही येथे ओझरत्याच उल्लेखितो. टँटलमची साय इलेक्ट्रॉनिक यंत्रांतल्या चिमुकल्या कंडेन्सरांत आहे. टायटॅनियमची साय रंगावाचून रंगीत दिसते. साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात, तेच प्रकाशलहरींच्या मेळाने तिच्यावर उमटतात आणि विजेचा दाब बदलला की सोनेरी, निळा, गुलाबी, हिरवा असे पालटत जातात. मोडलेले हाड सांधताना शल्यवैद्य जे टायटॅनियमचे स्क्रू वापरतात, त्यांच्या आकारांची ओळख पटावी म्हणून त्यांना याच रीतीने निरनिराळे रंग दिलेले असतात. तेथे शाई नाही, रोगण नाही. शरीरात जाते ती धातू आणि तिचीच साय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाटीकडे पाहता पाहता एक गोष्ट नजरेस आली. दिल्लीच्या दाराची चौकट निराळ्या मापाची. जुन्या भोकांत खिळे बसेनात म्हणून सुताराने पाटीला दोन नवी भोके पाडली आणि लोखंडी स्क्रू मारले. जुन्या भोकांच्या कडा आजही स्वच्छ आहेत, कारण ती पाटीवर साय धरण्यापूर्वीच पाडलेली होती. नव्या भोकांपाशी धातू उघडी पडली आहे. तेथे स्क्रूभोवती पिठासारखी पांढरी पूड जमते आणि बोटाने पुसली तरी पुढच्या पावसात पुन्हा येते. आम्ही आता लोखंडी स्क्रू काढून बिनगंजी पोलादाचे लावले आहेत, त्यांच्याखाली रबराच्या चकत्या घातल्या आहेत आणि नव्या भोकांच्या कडांना थोडे रोगण लावून ठेवले आहे.